ध्रुव सगळ्यात तेजस्वी? छे!

मे महिन्यातली रात्र, खाली कूलरची घरघर आणि गच्चीवर गाद्या. भाच्यानं पश्चिमेकडं बोट दाखवलं, "मामा, तो ध्रुव ना? सगळ्यात मोठा दिसतोय!" तो होता शुक्र.

चूक त्याची नाही. ध्रुवबाळाला अढळपद मिळालं म्हटल्यावर तारा झगमगीतच असणार, असं पिढ्यानपिढ्या आपण धरून चाललोय. प्रत्यक्षात तेजस्वितेच्या यादीत ध्रुव पहिल्या चाळिसांतही नाही. पहिला नंबर व्याधाचा.

मग शोधायचा कसा? नागपूरचा अक्षांश साधारण 21 अंश, म्हणून ध्रुवही उत्तर क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर. हात सरळ ताणून मूठ धरली की सुमारे 10 अंश होतात. उत्तरेला, म्हणजे कोराडीच्या दिशेला तोंड करा आणि क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवा. सप्तर्षींच्या चौकोनातले, शेपटीपासून लांबच्या बाजूचे दोन तारे म्हणजे पुलह आणि क्रतू; पुलहाकडून क्रतूकडं रेघ काढून त्यांच्यातल्या अंतराच्या पाचपट पुढं न्या, तीही तिथंच पोचते. कोराडीकडच्या दिव्यांच्या उजेडात तारा फिका वाटेल, तो तसाच आहे.

अढळपदाचंही थोडं तसंच. पृथ्वीचा आस ज्या बिंदूकडं रोखलेला आहे, त्याच्यापासून ध्रुव पाऊण अंशाच्या आतबाहेर आहे, त्यामुळे रोज एक लहानसं वर्तुळ तोही काढतो. शिवाय आस स्वतःच भोवऱ्यासारखा डुलतो, एका फेरीला सुमारे 26,000 वर्षं. आणखी 12,000 वर्षांनी ध्रुवपदाच्या जवळ अभिजित हा तारा असेल.

भाच्यानं दोन मुठी मोजल्या. "एवढासाच?" म्हणाला, जरा नाराजच.