जर्मनीत शिकून पदरात नेमकं काय पडतं?

पालक आणि विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

आमच्या कार्यालयात पहिल्यांदा आलेले आई-वडील बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारतात. खर्च किती, आणि नोकरी लागेल का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं पुढे दिली आहेत. पण ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते शिक्षण तिथे कसं चालतं आणि त्यातून मुलाच्या अंगी काय येतं, हे फारसं कुणी विचारत नाही. आमच्या मते खरी कमाई तीच, म्हणून या पत्रकात तिच्यावरच जास्त लिहिलं आहे. सगळा मजकूर जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांबद्दल आणि मुख्यतः मास्टर्सबद्दल आहे, कारण आमचं काम त्याच वाटेचं आहे. अमेरिका-ऑस्ट्रेलियाचा विचार असेल तर यातलं बरंचसं लागू होणार नाही.

तिथे कुणी मागे लागत नाही

आपल्याकडे इंजिनिअरिंगची चार वर्षं कशी जातात हे वेगळं सांगायला नको. पंचाहत्तर टक्के हजेरी, जर्नल सर्टिफाय करून घेण्यासाठी केबिनबाहेर रांग, सबमिशनच्या आठवड्यात मित्राची फाइल समोर ठेवून रात्रभर उतरवणं, मग व्हायवा. एखादा विषय राहिला तर एटीकेटी आहेच. कॉलेज ओरडतं, घरचे ओरडतात आणि मुलगा पुढे सरकतो.

तिथे बहुतेक लेक्चरना हजेरीच घेत नाहीत. टर्म वर्कचे गुण नाहीत. सेमिस्टरच्या शेवटी एक लेखी किंवा तोंडी परीक्षा, आणि बऱ्याच विषयांत सगळे गुण तिच्यावरच. त्या परीक्षेला आपण बसणार आहोत, हेही विद्यापीठाच्या पोर्टलवर मुदतीत स्वतः नोंदवायचं असतं. विसरलं तर आठवण करायला कुणी येत नाही, आणि परीक्षा पुढच्या खेपेवर जाते. नियम विद्यापीठागणिक थोडे वेगळे असले तरी एका विषयाला साधारण तीनच संधी मिळतात. सक्तीच्या विषयात तिन्ही हुकल्या तर विद्यापीठातून नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही सहसा करता येत नाही. हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो, तेव्हा काही जणांचे चेहरे उतरतात. उतरू देत. फी भरल्यावर, कर्ज काढल्यावर कळण्यापेक्षा हे बरं.

पण हीच व्यवस्था विद्यार्थ्याला मान देणारीही आहे. निकालानंतर एक दिवस ठरवून तपासलेला पेपर विद्यार्थ्याच्या हातात देतात. कुठे गुण गेले ते बघायचं, पटलं नाही तर तिथल्या तिथे विचारायचं. सातारा भागातून गेलेला एक विद्यार्थी थर्मोडायनॅमिक्सचा पेपर असाच बघायला गेला होता. उत्तरं बरोबर असूनही गुण कमी पडले म्हणून चिडलेला होता. तपासणाऱ्या सहायकाने त्याच्याच कागदावर बोट ठेवून दाखवलं: गृहीतकं लिहिलेली नाहीत, मधल्या दोन पायऱ्या गाळल्या आहेत, एकक शेवटी एकदम उगवलं आहे. गुण वाढले नाहीत. पण गाइडमधून पाठ केलेली उत्तरं लिहायची त्याची जुनी खोड तिथे मोडली, असं तो स्वतःच सांगतो.

जाता जाता एक. तिथे १.० हे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. तेव्हा मुलीने फोन करून ‘मला एक पूर्णांक तीन मिळाले’ असं सांगितलं तर घाबरू नका, पेढे वाटा.

सरांना उलट विचारणं

वेळापत्रकात दहा लिहिलेलं असलं तरी बऱ्याच विद्यापीठांत लेक्चर सव्वादहाला सुरू होतं. ही पंधरा मिनिटांची जुनी सवलत आहे. लेक्चर संपलं की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांच्या सांध्यांनी टकटक करतात. नवख्याला पहिल्या दिवशी हे गमतीचं वाटतं. त्याहून अवघड असतो सेमिनार. पंधरा-वीस मुलं, एक शोधनिबंध, आणि त्यात काय चुकलंय असं प्राध्यापक थेट तुमच्याकडे बघून विचारतात. आपली हुशार मुलंही पहिलं सेमिस्टर गप्प बसतात. येत नसतं असं नाही. छापून आलेल्या गोष्टीत चूक काढायची असते, हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

या बाबतीत आपल्याच घरातलं एक जुनं उदाहरण आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याहून बर्लिनला मानववंशशास्त्रात डॉक्टरेट करायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण इतर वंशांपेक्षा वेगळी, अधिक असमान असते आणि त्याचा संबंध बुद्धीशी आहे, या धाटणीचं फिशर यांचं गृहीतक. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशावरून असा काही फरक दिसत नाही, असं प्रबंधात लिहिलं. हेच फिशर पुढे नाझी वंशविचाराचे मोठे आधारस्तंभ झाले, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या निष्कर्षाचं वजन कळतं. डॉक्टरेट त्यांना मिळाली. परत येऊन डेक्कन कॉलेजात त्यांनी जे काम उभं केलं, ते सर्वांना माहीत आहे.

प्रत्येक मुलगा इरावतीबाई होत नाही, हे आम्हालाही कळतं. पण मोजलेलं एक आणि मोठ्या माणसाचं मत दुसरं असलं तर मोजलेलं लिहायचं, ही शिस्त मास्टर्सच्या प्रबंधातही लागते. हा प्रबंध सहसा सहा महिन्यांचा असतो आणि त्याला ३० क्रेडिट, म्हणजे अख्ख्या सेमिस्टरइतकं वजन असतं. इंजिनिअरिंगची कितीतरी मुलं तो एखाद्या कंपनीत बसून करतात. आपल्याकडे फायनल इयरचं प्रोजेक्ट ‘तयार’ मिळतं, हे आपण सगळे जाणतो. तिथे चोरलेली पानं सापडली तर प्रबंध नापास होतो, आणि प्रकरण गंभीर असेल तर नावही कमी होऊ शकतं.

संसाराचं शिक्षण

यावर थोडक्यात, कारण हे सगळ्यांना ठाऊक असतं. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा. आरोग्य विमा सक्तीचा. कचऱ्याचे वेगवेगळे डबे. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी दूध-पाव-भाजी आणली नाही तर दुसऱ्या दिवशी खिचडीवर भागवायचं. घरी ज्याने कधी स्वतःचं ताट उचललं नाही, तो तिथे पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पिशवीत भरून सुपरमार्केटच्या यंत्रात टाकायला जातो, कारण बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात.

खर्च

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. दर सेमिस्टरला एक वर्गणी भरावी लागते. विद्यापीठानुसार ती शंभर ते चारशे युरोंच्या दरम्यान असते आणि बऱ्याच ठिकाणी तिच्यातच प्रवासाचा पास येतो. दोन अपवाद नीट लक्षात ठेवा. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग वगैरे ठिकाणी, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून फी सुरू केली आणि मास्टर्सला ती सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो आहे.

खरा खर्च राहण्या-खाण्याचा. व्हिसासाठी एका वर्षाचे पैसे आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर बारा लाखांच्या घरात. हे पैसे कुणाला द्यायचे नसतात, ते मुलाचेच. तिथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो त्याच्या खात्यात सुटतात. विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली तर त्यात निभतं. म्युनिकसारख्या शहरात खोलीच्या शोधातच पहिले महिने जातात, हे धरून चाला.

विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. त्यातून खर्चाला हातभार लागतो. पण ‘तिथे गेल्यावर कमवेल आणि कर्ज फेडेल’ हा हिशेब घरी बसून मांडू नका. पहिल्या सेमिस्टरला मुलाने रात्री गोदामात खोकी उचलली आणि सकाळी लेक्चर बुडवली, तर वरच्या तीन संधी फार भराभर संपतात. काम करायचंच तर आपल्या विषयातलं शोधावं: प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधन-सहायक म्हणून, किंवा कंपनीत विद्यार्थी-कर्मचारी म्हणून. पहिली नोकरी पुष्कळदा त्याच ओळखीतून लागते.

शिष्यवृत्त्यांपैकी डीएएडीची (जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण सेवेची), राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती (अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी, विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते) आणि १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डॉवमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती, या तिन्हींसाठी आम्ही अर्ज करायला लावतो. त्यासाठी वेगळी फी नाही.

नोकरी

पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. मिळतं ते एवढंच. नोकरीची हमी देणारा सल्लागार भेटला तर तिथून उठा.

इंग्रजीतून मास्टर्स होतं हे खरं, पण इंग्रजीतून नोकरी मिळेलच असं नाही, विशेषतः मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलला. मुलाखत जर्मनमध्ये होते, सुट्टीतल्या गप्पाही जर्मनमध्येच होतात. म्हणून निदान बी-१ पर्यंतचं, म्हणजे मधल्या पातळीचं, जर्मन इथूनच करून जा. पुण्यात मॅक्सम्यूलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, गल्लोगल्ली क्लासेस आहेत. भाषा शिकायची सोय पुण्याइतकी फार थोड्या शहरांत असेल. तिथे गेल्यावर शिकू असं म्हणणारे बहुतेक जण शिकत नाहीत, कारण तिथे अभ्यास असतो.

परत यायचं ठरवलं तरी ही भाषा वाया जात नाही. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने आहेत, नाशिकला बॉश आहे, आणि त्यांना माल पुरवणारे लहान-मोठे कारखानदार तर आपल्या आजूबाजूलाच आहेत.

कुणी जाऊ नये

हे माहितीपत्रकात लिहू नये असं आमच्या छपाईवाल्याचंही मत पडलं. तरी लिहितो. इथे ज्याला विषयच आवडला नाही, त्याने देश बदलून विषय आवडायला लागत नाही. मित्र गेले म्हणून जाणाऱ्यांचंही तसंच. आणि शेतजमीन गहाण टाकून तिथल्या खासगी संस्थेत, वर्षाला दहा-पंधरा हजार युरो भरून जाण्याचा बेत असेल तर आधी आमच्याशी, नाहीतर आणखी कुणाशी तरी, नीट बोला. खासगी संस्था एजंटांना प्रवेशामागे कमिशन देतात. सरकारी विद्यापीठं देत नाहीत. तुमचा सल्लागार कोणत्या कॉलेजचं नाव पुन्हापुन्हा घेतोय, ते यावरून ताडता येतं. आम्ही फी फक्त विद्यार्थ्याकडून घेतो आणि तिची पावती देतो.

बारावीनंतर लगेच जाण्याबद्दलही रोज विचारणा होते. नुसत्या बारावीवर सहसा थेट प्रवेश मिळत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण, किंवा इथल्या विद्यापीठात एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण, किंवा तिथे पूर्वतयारीचं वर्ष, अशा वाटा आहेत. त्या प्रत्येकाची परिस्थिती बघूनच सांगता येतात.

पहिल्या भेटीला येताना

दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका आणा. एटीकेटीच्या असतील त्याही, लपवू नका. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे गुणपत्रिका आणि पदव्या तपासून दिलेला दाखला, सक्तीचं आहे. त्याची फी १८,००० रुपये आहे आणि तपासणीत सगळंच दिसतं. ते हाती यायला वेळ लागतो. हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरमध्ये सुरू होतं आणि अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलैला संपते, काही ठिकाणी त्याच्याही कितीतरी आधी. म्हणून आदल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत आलात तर धावपळ होत नाही. युरोचा भाव, फी आणि व्हिसाचे नियम बदलत असतात. भेटीच्या दिवशी त्या वेळचे आकडे आम्ही लिहून देऊ.

आणि विद्यार्थ्याला बरोबर आणा. एकट्या आई-वडिलांशी आम्ही खर्चाचं बोलू शकतो. विषय, विद्यापीठ आणि शहर यांबद्दल त्याच्याशी किंवा तिच्याशीच बोलावं लागतं.