शिडाच्या बोटीतून कुत्र्याला फ्रान्सला नेताय? आधी परतीचं ठरवा

दर उन्हाळ्यात असा एक तरी फोन येतोच. बोट फ्रान्समधल्या शेरबुर्गच्या मरिनात (शिडाच्या बोटी लावायच्या बंदरात), वारा मनासारखा, सामान भरून झालेलं, आणि तेव्हा कुणीतरी सांगतं की कुत्र्याला या बोटीतून इंग्लंडला परत आणता येणार नाही. फोनवरच्या माणसाचा आवाज रडवेला झालेला असतो. म्हणून सुरुवात परतीपासूनच करतो.

फ्रान्समधून ग्रेट ब्रिटनमध्ये कुत्रा आणायचा तर मान्यताप्राप्त मार्गाने, मान्यताप्राप्त कंपनीच्या वाहनानेच आणावा लागतो. म्हणजे फेरीबोट किंवा इंग्लिश चॅनलखालच्या बोगद्यातली रेल्वे. स्वतःची बोट त्यात बसत नाही. आयर्लंड, चॅनल बेटं आणि आयल ऑफ मॅन इथून मात्र खासगी बोटीने येता येतं. जाताना कुणी अडवत नाही, त्यामुळे येतानाही अडवणार नाहीत असं लोक धरून चालतात. नियम मोडून आणलेल्या कुत्र्याला परत पाठवतात किंवा चार महिन्यांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतात, आणि तो खर्च तुमच्याच खिशातून जातो.

तेव्हा परतताना घरातल्या एकाने कुत्र्यासोबत फेरीने यायचं आणि दुसऱ्याने बोट आणायची. पण बऱ्याच फेरी कंपन्या गाडी नसलेल्या प्रवाशाचा कुत्रा घेत नाहीत, म्हणून तिकीट काढण्याआधी विचारून घ्या. आणखी एक अट कुणी वाचतच नाही. कुत्र्याच्या आरोग्य दाखल्यावर (त्याबद्दल पुढे सांगतो) मालक म्हणून ज्याचं नाव असतं, त्याचा प्रवास कुत्र्याच्या प्रवासाच्या आधी किंवा नंतर पाच दिवसांत व्हायला हवा, आणि कुत्रा दुसऱ्याबरोबर जाणार असेल तर मालकाची लेखी परवानगी लागते. ओळखीतल्या एका जोडप्याचं इथेच बिनसलं. दाखला नवऱ्याच्या नावावर, नवरा बोटीवर, बायको कुत्र्याला घेऊन फेरीने पुढे. उत्तरेचा वारा आठवडाभर हटला नाही आणि पाच दिवस उलटून गेले. फेरीने जो जाणार, त्याच्याच नावावर दाखला काढा. मग बोट वाऱ्यासाठी कितीही दिवस थांबली तरी चालतं.

आता कागदांकडे वळू. मायक्रोचिप आधी, रेबीजची लस नंतर (किंवा त्याच वेळी). लस देताना कुत्रा किमान १२ आठवड्यांचा हवा. पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबायचं, आणि लसीचा दिवस शून्य धरायचा, एक नाही. या एका दिवसाच्या चुकीने अनेकांचे अर्ज अडलेत. बूस्टरची तारीख एका दिवसाने जरी चुकली तरी ती पुन्हा पहिलीच लस समजतात आणि २१ दिवस नव्याने मोजावे लागतात. ब्रिटनमध्ये मिळालेला जुना निळा पेट पासपोर्ट १ जानेवारी २०२१ पासून युरोपीय संघात जाण्यासाठी चालत नाही. तो घरीच ठेवा.

त्याऐवजी प्राणी आरोग्य दाखला लागतो, तोही प्रत्येक प्रवासाला नवा. तो प्रत्येक व्हेट (पशुवैद्य) देऊ शकत नाही, सरकारमान्य व्हेटच देतो, आणि त्यांची वेळ उन्हाळ्यात सहज मिळत नाही. सही झाल्यापासून दहा दिवसांत युरोपीय संघात पोहोचायचं असतं. समुद्रावर जितका वेळ जाईल तितकी मुदत वाढते, पण वाऱ्याची वाट बघत बंदरात काढलेले दिवस त्यात धरत नाहीत. शिवाय दाखला तुम्ही ज्या देशात आधी उतरणार त्या देशाच्या भाषेतही असावा लागतो. शेरबुर्गसाठी काढलेला दाखला वारा फिरला म्हणून नेदरलँड्सच्या बंदरात दाखवलात तर उपयोग होत नाही. हा नियम करणाऱ्याने शिडाची बोट कधी पाहिली नसावी, याचा मला खरंच राग येतो. पण नियम आहे, तेव्हा दाखल्यावरच्या देशातच उतरा.

परतीच्या आधी पट्टकृमीचं औषध व्हेटकडूनच द्यावं लागतं, ब्रिटनमध्ये शिरण्याच्या २४ ते १२० तास आधी. गोळी तुम्ही स्वतः दिलीत तर ती मोजत नाहीत. दाखल्यावर तारखेसोबत वेळही लिहिली आहे ना, हे दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी बघा. आयर्लंडला निघालात तर हेच औषध तिथे जाण्याआधी लागतं.

माणसांचं थोडक्यात: ब्रिटन सोडण्याच्या किमान दोन तास आणि जास्तीत जास्त चोवीस तास आधी बोटीचा प्रवास ऑनलाइन कळवायचा. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतो. ब्रिटनचा वर्क व्हिसा तिथे पुरत नाही.

एवढी धावपळ नको असेल तर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सोलंटपासून फालमथ आणि सिली बेटांपर्यंत कुठेही नांगर टाका, कुत्र्याला यातला एकही कागद लागत नाही. गर्न्सी, जर्सी ही चॅनल बेटंही मोकळी आहेत. फक्त मध्येच एक रात्र फ्रान्सला जाऊन येऊ नका, नाहीतर कुत्रा फ्रान्सहून आलेला ठरतो.

फ्रान्सला जाणारच असाल तर कुत्र्यासाठी ठरवून दिलेल्या बंदरातच उतरायचं, म्हणजे शेरबुर्ग, सेंट-मालो, रॉस्कॉफ यांसारख्या. वाटेत एखादी सुंदर खाडी दिसली तरी आधी तिथे डिंगीने (बोटीवरच्या छोट्या होडीने) कुत्रा किनाऱ्यावर न्यायचा नाही. एकदा दाखल्यावर शिक्का बसला की दाखल्याची मुदत असेपर्यंत फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताच्या हव्या त्या खाडीत नेता येतो. अडचण असते ती त्याआधीच्या बारा तासांची. आयल ऑफ वाइटच्या टोकाच्या नीडल्स खडकांपासून शेरबुर्ग साधारण ६० सागरी मैल, आणि कुत्रा डेकवर लघवी करायला तयार नसतो. महिनाभर आधी घरच्या अंगणात कृत्रिम गवताचा तुकडा ठेवून त्यावरच सवय लावा, आणि निघताना तोच तुकडा, न धुता, पुढच्या डेकवर बांधा. ओळखीचा वास आला की तो बिचारा मोकळा होतो.