ई-द्रवातील आधारद्रवांचे प्रमाण

ई-सिगारेटमध्ये तापवून ज्याची वाफ ओढली जाते, त्या द्रवाचा बहुतांश भाग दोन आधारद्रवांचा असतो : प्रॉपिलीन ग्लायकॉल (पीजी) आणि वनस्पतिजन्य ग्लिसरीन (व्हीजी). उरलेला भाग स्वादार्काचा आणि, वापरल्यास, निकोटिनाचा.

या उपकरणाचा उगम काही जण अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांच्या १९६५ मध्ये मंजूर झालेल्या पेटंटापर्यंत नेतात. परंतु त्यात स्वादयुक्त, दमट व गरम हवा ओढण्याची कल्पना होती. आधारद्रवांपुरता विचार करता चिनी औषधनिर्माते होन लिक यांच्या, साधारण २००३ च्या सुमारासच्या, उपकरणापासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक ठरते. त्यात निकोटीन प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये मिसळलेले होते. ग्लिसरीनचे प्रमाण पुढे वाढत गेले.

पीजी पातळ असून स्वाद चांगला धरते, मात्र घशाला लागते. व्हीजी गोडसर, दाट आणि भरपूर वाफ देणारे. २५° से. तापमानाला त्याची श्यानता (दाटपणा) पीजीच्या वीसपटीहून अधिक भरते. त्यामुळे बारीक छिद्रांच्या कॉइलमध्ये (कापसात शोषलेला द्रव तापवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात) व्हीजी जास्त झाले, की कापसापर्यंत द्रव वेळेवर पोचत नाही, कापूस कोरडा पडून करपतो आणि अतितप्त ग्लिसरिनापासून ॲक्रोलीन हा दाहक पदार्थ तयार होतो. अशा उपकरणांत ५०:५०, तर मोठ्या कॉइलमध्ये व्हीजी ७० व पीजी ३० हे प्रमाण रूढ आहे.

प्रमाण आकारमानाने की वजनाने, हे न सांगितल्यास घोटाळा होतो. पीजीची घनता सुमारे १.०४, तर व्हीजीची १.२६ ग्रॅम प्रति मिलि. असल्याने वजनाने ७०:३० घेतलेले मिश्रण आकारमानाने जेमतेम ६६:३४ भरते. प्रचलित आकडे आकारमानाचेच समजावेत. मोजणी मात्र काट्यावर करणे बरे, कारण दाट व्हीजी मापाला चिकटून राहते. स्वादार्क बहुधा पीजीतच असतो, तोही हिशेबात धरावा लागतो. १०० मिलि. मिश्रणात असा अर्क १० मिलि. असेल, तर ७०:३० साठी निव्वळ पीजी २० मिलि. (२०.७ ग्रॅम) आणि व्हीजी ७० मिलि. (८८.२ ग्रॅम) लागते. निकोटिनाच्या द्रावणालाही हाच नियम लागू पडतो. ते त्वचेतूनही शोषले जात असल्याने घरी हाताळणे धोक्याचे आहे.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी आहे.

दोन्ही द्रव खाद्यपदार्थांत चालतात. त्यावरून ते श्वासावाटे घेणेही निर्धोक ठरत नाही. शुद्धतेचा प्रश्न त्याहून जुना आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये डायएथिलीन ग्लायकॉलमिश्रित ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये तपासलेल्या ई-सिगारेटच्या १८ कार्ट्रिजांपैकी एकीत हेच विषारी द्रव्य आढळले होते.