फेत जोहानिक

फ्रान्समधील लुआर नदीकाठच्या ओर्लेआं शहरात इंग्रजांविरुद्ध फ्रेंचांच्या बाजूने लढलेल्या जोन ऑफ आर्क या तरुणीच्या नावाने दरवर्षी २९ एप्रिल ते ८ मे या काळात साजरा होणारा उत्सव. दोन्ही तारखा १४२९ सालच्या आहेत. २९ एप्रिलच्या संध्याकाळी जोन इंग्रजांच्या वेढ्यात सापडलेल्या शहरात शिरली आणि ८ मे रोजी इंग्रज फौज वेढा उठवून निघून गेली. त्याच दिवशी गावकऱ्यांनी देवाचे आभार मानायला मिरवणूक काढली आणि पुढे तिचा वार्षिक परिपाठ पडला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९३ साली तो मोडला, तो १८०३ साली नेपोलियनच्या परवानगीने पुन्हा सुरू झाला. चर्चने जोनला संतपद दिले ते १९२० मध्ये. त्यामुळे हा मुळात संताचा सण नव्हे. सुटका झालेल्या शहराचा सण आहे.

जोनची भूमिका दरवर्षी एका शाळकरी मुलीला मिळते. ती ओर्लेआंची रहिवासी, कॅथलिक आणि समाजकार्यात असलेली हवी, असे निकष आहेत. घोडेस्वारीचा सराव आधी करून घ्यावा लागतो. ओल्या फरसबंदीवर घोड्याचा पाय घसरतो आणि ढोलताशांची सवय नसलेला घोडा बिथरतो. २०१८ मध्ये निवडलेल्या मुलीचे वडील बेनिन या आफ्रिकी देशाचे असल्याने समाजमाध्यमांवर तिच्याविषयी वर्णद्वेषी मजकूर फिरला. निवड मात्र कायम राहिली.

मुख्य विधी ७ मेच्या रात्री सेंट क्र्वा कॅथेड्रलसमोर होतो. महापौर जोनचा ध्वज बिशपच्या स्वाधीन करतात. तो रात्रभर कॅथेड्रलमध्ये राहतो आणि दुसऱ्या दिवशी शहराकडे परत येतो. नगरपालिका आणि चर्च यांच्यातली ही देवघेव १८५५ पासूनची. ८ मे हा दुसऱ्या महायुद्धातील विजयाचाही दिन असल्याने त्या दिवशीच्या संचलनात लष्करही असते.

वेशभूषेसाठी आधार चांगले आहेत. राजाच्या हिशेबात चिलखताचे १०० लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) आणि तूर शहरातल्या चित्रकाराला मोठा व छोटा ध्वज रंगवल्याबद्दल २५ लिव्र अशी नोंद आहे. मोठा ध्वज पांढरा. त्यावर दोन देवदूतांमध्ये परमेश्वर, लिलीची फुले आणि ‘येशू मारिया’ ही अक्षरे. चेहरा मात्र कोणालाच ठाऊक नाही. १० मे १४२९ रोजी पॅरिसच्या न्यायालयातील एका कारकुनाने नोंदवहीच्या समासात तिचे रेखाचित्र काढले, पण त्याने तिला कधी पाहिले नव्हते. त्यामुळे केस लांब काढले आणि अंगात चिलखताऐवजी झगा घातला. पूर्ण पोलादी चिलखत सुमारे २० ते २५ किलोचे भरते. आत कापूस भरून टाचलेला अंगरखा नसेल आणि पट्टे कमरेवर नीट आवळलेले नसतील, तर सगळा भार खांद्यांवर येतो आणि तासाभरात हात उचलवत नाही.

प्रवेशाच्या देखाव्याला वेढ्याच्या रोजनिशीचा आधार आहे. मशालवाल्यांच्या गर्दीत जोनच्या निशाणाने पेट घेतला. तिने घोड्याला टाच मारून वळवले आणि आग विझवली, असे त्यात लिहिले आहे.

संगीतात त्या काळी वाद्यांचे मोठ्या आवाजाची आणि हळू आवाजाची असे दोन वर्ग मानत. मिरवणुकीला पहिलाच वर्ग चालतो : सनईच्या जातीचे शॉम, सरकत्या नळीचा कर्णा, मशकवाद्य आणि एका हाताने पावा नि दुसऱ्याने ढोलके वाजवणारा वादक. वीणेच्या जातीची ल्यूट वा हार्प रस्त्यावर ऐकूच येत नाहीत. शिवाय त्यांच्या तातीच्या तारा नदीकाठच्या दमट हवेत बेसूर होतात आणि दर दोन-तीन गतींनंतर सूर लावत बसावे लागते. ती चर्चच्या आत शोभतात. चाक फिरवून वाजवायच्या चाकवीणेत चाकाला राळ आणि तारांना कापसाचे पेळू योग्य बेताने लागले नाहीत, तर सुराऐवजी करकर निघते. शॉमची पत्ती उन्हात वाळली की फुटकी वाजते, म्हणून वादक ती अधूनमधून ओली करतात.

जोनच्या प्रवेशावेळी स्कॉटिश सैनिकांनी वाजवली असे सांगून एक चाल आजही वाजवतात. फ्रेंच बाजूने स्कॉटिश शिपाई लढले हे खरे. ती चाल त्या दिवशी वाजली याला मात्र समकालीन आधार नाही.