चवदार तळ्याकाठी रूढी आणि नीती

रूढी आणि नीती यांची गल्लत मराठीत शब्दांपासूनच सुरू होते. ‘चालीरीती’ म्हणजे प्रथा आणि ‘चालचलन’ म्हणजे माणसाचे वर्तन. ‘ही काय रीत झाली?’ असे कोणी रागाने विचारतो, तेव्हा मोडला तो संकेत की न्याय, हे बहुधा त्यालाही ठाऊक नसते.

पूर्वापार चालत आले आणि सगळे पाळतात, एवढे सांगितले की रूढीचे काम भागते. नीतीचे भागत नाही. नियमाचा भार ज्याच्यावर पडतो, त्याच्या तोंडावर सांगता येईल असे कारण तिला द्यावे लागते.

महाडच्या चवदार तळ्याच्या वादात हा फरक लख्ख दिसतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला आणि महाड नगरपालिकेनेही तळे खुले झाल्याचे ठरावाने जाहीर केले. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी तेथील पाणी प्याले, तेव्हा सत्याग्रहींवर हल्ला झाला आणि पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. मुसलमानांना त्याच तळ्याचे पाणी घेण्यास बंदी नव्हती. मग ही बंदी कशासाठी, हा सत्याग्रहाचा प्रश्न नीतीचा होता. विरोधकांनी डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयात दावा लावला, तो मात्र वहिवाटीच्या आधारावर. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ते हरले, कारण ही वहिवाट अनादी काळापासूनची असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही. निकाल न्याय्य होता. पण न्यायालयात मोजले गेले ते प्रथेचे वय, आणि वय हा निकष रूढीचाच आहे.

याचा अर्थ रूढी म्हणजे अनीती, असा नव्हे. पंगतीत सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबणे हीसुद्धा रूढीच, आणि ती मोडणारा फार तर अडाणी ठरतो, दुष्ट नव्हे. उलट, कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या विधवांवर लादलेल्या प्रथा गाव निष्ठेने पाळत आले, तेव्हा त्यात कोणालाही आपण दुष्ट आहोत असे वाटले नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये त्या बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्या प्रथा किती जुन्या आहेत हे तपासण्याची गरज तिला पडली नाही.