उपवासकाळ, सैतान आणि 91वे स्तोत्र

उपवासकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या 40 दिवसांच्या लेंटच्या, पहिल्या रविवारी कॅथलिक चर्चमध्ये दरवर्षी एकच प्रसंग वाचला जातो. येशू 40 दिवस अरण्यात उपाशी आहे आणि सैतान त्याला मोहात पाडायला येतो. मत्तयच्या शुभवर्तमानात सैतान त्याला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, देवाचा पुत्र असशील तर खाली उडी टाक. देवदूत तुला हातांवर झेलतील असं लिहिलेलंच आहे. खरंच लिहिलेलं आहे. ते बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या 91व्या स्तोत्रात आहे, आणि देवावर विसंबून राहण्याविषयी बायबलमध्ये जे काही आहे त्यात या स्तोत्राइतकं लोकप्रिय फार थोडं. देवाच्या पंखांखाली आसरा आहे, रात्रीच्या भयाला आणि अंधारात फिरणाऱ्या मरीला भिऊ नकोस, तुझ्या बाजूला हजार पडले तरी तुला काही होणार नाही. संकटात माणसाच्या तोंडी येणारा हा मजकूर इथे सैतानाच्या तोंडी आहे. उपवासकाळातला देवावरचा भरवसा समजून घ्यायचा तर सुरुवात या अडचणीपासूनच करावी लागते.

या स्तोत्राचा वापर ख्रिस्ती धर्माच्याही आधीचा. 1956 मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या अकराव्या गुहेत एक जीर्ण गुंडाळी मिळाली. तिच्यात भुताखेतांना पळवून लावण्याची गीतं आहेत आणि त्यांच्या जोडीला हेच स्तोत्र. ज्यू परंपरेत ते अरिष्टांपासून राखणारं म्हणून ओळखलं जाई, ताइतांवर लिहिलं जाई. म्हणजे शुभवर्तमानातला सैतान आपल्यालाच हाकलणारा मंत्र म्हणून दाखवतो! फक्त एक तुकडा तो गाळतो. देवदूत ‘तुझ्या सर्व मार्गांत’ तुझं रक्षण करतील, असं मूळ वचन आहे. ‘सर्व मार्गांत’ हे शब्द त्याच्या बोलण्यात नाहीत. येशूचं उत्तर बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं: तुझा देव परमेश्वर याची परीक्षा पाहू नकोस. त्यामागे वाळवंटातल्या मस्सा या ठिकाणाची आठवण आहे. तिथे पाणी मिळेना तेव्हा इस्राएली लोकांनी मोशेला धारेवर धरलं होतं: परमेश्वर आमच्यात आहे की नाही?

40 दिवसांचा हा काळ मात्र एका झटक्यात ठरला नाही. दुसऱ्या शतकाच्या शेवटी बिशप इरेनियस लिहितो की ईस्टरआधी कोणी एक दिवस उपास करतं, कोणी दोन, कोणी सलग 40 तास. 325मध्ये भरलेल्या बिशपांच्या निकाया परिषदेच्या नियमांत ‘चाळीस दिवसां’चा उल्लेख येतो, तोही जाता जाता. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस पाच वेळा हद्दपार झाला. त्याची जवळपास 17 वर्षं परागंदा अवस्थेत गेली. त्यातल्याच एका हद्दपारीत, 340च्या सुमारास, त्याने रोमहून मायदेशी कळवलं की सगळं जग उपास करत असताना इजिप्तनेच तेवढं न करून हसं करून घेऊ नये. स्वतःची गादी गेलेली असताना माणसाला काळजी उपासाची, हे मला फार आवडतं. पुढे पश्चिमेत सहा आठवड्यांतले रविवार वगळल्यावर उपासाचे दिवस 36च भरतात हे लक्षात आलं. मग सुरुवातीला चार दिवस जोडले गेले आणि सुरुवात बुधवारी होऊ लागली. तोच राखेचा बुधवार. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरआधीच्या रविवारी) वापरलेल्या झावळ्या जाळून केलेली राख त्या दिवशी कपाळाला लागते.

रोमन उपासनाविधीने सैतानाने वापरलेलं स्तोत्र टाकून दिलं नाही. उलट पहिल्या रविवारच्या मिस्साची (मुख्य उपासनेची) प्रवेशगीतापासून ख्रिस्तप्रसादाच्या गीतापर्यंत सगळी जुनी लॅटिन गीतं 91मधलीच. मठांमध्ये तर संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमानुसार ते रोज रात्री निजण्याआधी म्हटलं जाई. 1139च्या उपवासकाळात फ्रान्समधल्या क्लेर्व्हो मठाचा प्रमुख बर्नार्ड याने आपल्या मठवासीयांसमोर या एकाच स्तोत्रावर 17 प्रवचनं केली. कारणही त्याने सांगितलं आहे: उपासाने आणि कष्टांनी थकलेल्यांना धीर हवा, आणि सैतानाने ज्या स्तोत्राचं हत्यार केलं त्याच स्तोत्रातून तो द्यावा. गाळलेल्या शब्दांवर त्याने बरोबर बोट ठेवलं. शिखरावरून उडी मारणं हा मार्ग नव्हे, ते पडणं आहे. देवदूतांचं वचन मार्गावर चालणाऱ्यासाठी आहे.

पाच आठवड्यांनी झावळ्यांचा रविवार येतो आणि स्तोत्र बदलतं. आता 22वं: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? क्रुसावर येशूच्या तोंडी येतात ते हे शब्द. पंखांखालच्या आसऱ्यापासून निघालेला काळ या प्रश्नापाशी येतो, आणि चर्चने दोन्ही आपल्या प्रार्थनेत ठेवले आहेत. 1960च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या वाचनक्रमात पहिल्या रविवारचं प्रतिसाद-स्तोत्र (वाचनानंतर लोकांनी प्रतिसाद देत म्हणायचं स्तोत्र) म्हणून 91 तीन वर्षांतून एकदाच येतं, झावळ्यांच्या रविवारी 22 मात्र दरवर्षी. भक्तिपर भेटकार्डांवर नेमकं उलट दिसतं.

मरीचं भय मुंबईने प्रत्यक्ष पाहिलं. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रोगी सापडला आणि पुढची काही वर्षं शहर रिकामं होत राहिलं. वांद्र्याच्या गावठाणांत, गिरगावच्या खोताच्या वाडीत ख्रिस्ती रहिवाशांनी नाक्यानाक्यावर क्रूस उभारले. त्यातले कित्येक आजही आहेत, चौथऱ्यावर त्या काळातलं साल कोरलेलं, दांड्याला झेंडूचा हार. त्याच शहरात 10 जानेवारी 1897 रोजी वाल्देमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. क्रूस उभारणं आणि लस टोचून घेणं यांत मला विरोध दिसत नाही. लस नाकारून देव पाहून घेईल म्हणणं मात्र शिखरावरच्या उडीच्या फार जवळ जातं.

कोविडची टाळेबंदीही उपवासकाळातच आली. 27 मार्च 2020 रोजी, शुक्रवारी संध्याकाळी, पोप फ्रान्सिस पावसात भिजणाऱ्या सेंट पीटर चौकात जवळजवळ एकटेच उभे होते. 1522च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून फिरवलेला सान मार्चेल्लो चर्चचा क्रूस तिथे आणला होता. त्या संध्याकाळी 91वं स्तोत्र नव्हे, तर मार्कच्या शुभवर्तमानातला वादळाचा प्रसंग वाचला गेला. होडीत पाणी शिरतंय, येशू उशीवर झोपलाय आणि शिष्य त्याला उठवून विचारतात: गुरुजी, आम्ही बुडतोय, तुम्हाला काहीच वाटत नाही का?