रडारच्या आलेखात पट्टे उतरतात, ऊर्जा मात्र चढते

उष्ण कटिबंधातल्या गडगडाटी ढगांमुळे गुरुत्व तरंग कसे उठतात हे बहुतेकांना माहीत असतं, त्यामुळे तिथे रेंगाळत नाही. ढगातला झोत वरच्या स्थिर थराला धक्का देतो, थर खालीवर होऊ लागतो आणि ते आंदोलन दूरवर पसरतं. आइनस्टाइनच्या गुरुत्वीय लहरींशी याचा काहीएक संबंध नाही. ढगातला झोत आणि तरंगातली उभी हालचाल यांचीही गल्लत होते, पण ती पटकन सुटते: झोत ढगाबरोबर संपतो, तरंग ढग नसलेल्या हवेतही सापडतो.

खरा घोळ पुढे आहे, आणि तो पुन्हा पुन्हा पाहून वीट आला आहे. तिरुपतीजवळच्या गदंकीचं एमएसटी रडार (मध्यांबर, स्थितांबर आणि तपांबर या थरांचा वेध घेणारं) घ्या. ५३ मेगाहर्ट्झ, १०२४ यागी अँटेना. हवेतल्या साधारण ३ मीटरच्या खळबळीवरून त्याला प्रतिध्वनी मिळतो, त्यामुळे पाऊस नसतानाही तपस्तब्धीच्या, म्हणजे तपांबर आणि स्थितांबर यांच्यामधल्या सीमेच्या, वरपर्यंतचा वारा मोजता येतो. त्या वाऱ्यातून सरासरी वजा करून वेळ आडवी आणि उंची उभी असा आलेख काढला, की तिरके पट्टे दिसतात. वेळ सरते तसतसे ते खाली उतरत जातात. आणि त्याखाली कुणीतरी लिहून ठेवतं: ‘तरंग वरून खाली येत आहे.’

नाही. खाली येते आहे ती फेज, म्हणजे तरंगाच्या माथ्या-खळग्यांची जागा. ऊर्जा वर जाते आहे.

तळ्यात दगड टाकला की लाटेचा माथा आणि ऊर्जा एकाच दिशेने जाताना दिसतात, आणि तीच सवय आपण आकाशात घेऊन जातो. गुरुत्व तरंगांत मात्र फेज आणि ऊर्जा यांच्या दिशा एकमेकींना काटकोनात असतात. ढग रडारच्या पश्चिमेला आहे आणि तरंग पूर्वेकडे, वरच्या दिशेने निघाला आहे असं धरा. त्याची माथ्याची रेषा उभी नसते, वर जाताना पूर्वेकडे झुकलेली असते. हवेचे कण त्या रेषेच्याच बाजूने वर-पूर्वेला आणि खाली-पश्चिमेला हेलकावतात; ऊर्जाही त्याच रेषेवरून वर-पूर्वेला जाते. आता ही अख्खी झुकलेली रेषा पूर्वेकडे सरकते आहे. रडारच्या डोक्यावर तिचा कुठला भाग आधी पोहोचेल? वरचा, कारण तोच पुढे आहे. मग मधला, मग खालचा. रडार जागचं हलत नाही, त्यामुळे त्याला १८ किलोमीटरवर आधी आणि १६ किलोमीटरवर नंतर माथा दिसतो. आलेखातला पट्टा उतरतो तो एवढ्याचसाठी. वरून खाली काहीही आलेलं नाही.

हा बारकावा फक्त परीक्षेपुरता नाही. दिशा उलटी वाचली की उगम चुकतो: ढग सोडून वरच्या जोरदार वाऱ्यात कारण शोधलं जातं. संवेगाचा हिशेबही उलटतो. विषुववृत्तावरच्या स्थितांबरातले वारे सुमारे २८ महिन्यांच्या चक्रात पूर्व-पश्चिम पालटतात, ते खालून वर गेलेल्या तरंगांनी वाहून नेलेल्या संवेगामुळेच. आणि पट्टे नीट वाचले तर उगमाची उंचीही हाती लागते: ज्या उंचीच्या वर पट्टे उतरतात आणि खाली चढतात, उगम तिथेच आसपास असतो.

एक अट मात्र कायम लक्षात ठेवावी लागते. ‘फेज खाली म्हणजे ऊर्जा वर’ हा नियम हवेबरोबर वाहत जाणाऱ्या निरीक्षकासाठी आहे. रडार जमिनीवर असतं. तरंग ज्या दिशेने निघालाय त्याच्या विरुद्ध वारा असेल आणि वाऱ्याचा वेग तरंगाच्या स्वतःच्या वेगापेक्षा जास्त असेल, तर रेषा मागे ढकलली जाते आणि पट्टा चढताना दिसतो. ऊर्जा तेव्हाही वरच जात असते. म्हणून नुसत्या पट्ट्यांवरून दिलेला निकाल मी मानत नाही.

लांब आवर्तनकाळाच्या तरंगांसाठी मी होडोग्राफच काढतो. एकाच क्षणी उंचीगणिक वाऱ्याच्या बाणाचं टोक कसं फिरतं ते पाहायचं; तरंग असेल तर ते टोक लंबगोल काढतं. उत्तर गोलार्धात ते घड्याळाच्या दिशेने फिरलं तर ऊर्जा वर. इथे वेळ हिशेबात येतच नाही, त्यामुळे वरची फसगत टळते. गदंकीला ही रीत चालते, कारण तिथे पृथ्वीच्या फिरण्याने ठरणारा जडत्वीय काळ सुमारे ५१ तासांचा आहे आणि एक-दोन दिवसांच्या तरंगाचा लंबगोल ठळक उमटतो. सुमात्रातल्या कोटोतबांगचं रडार जवळजवळ विषुववृत्तावरच आहे. तिथे पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम नगण्य असल्याने लंबगोल चपटा होत रेषेवर येतो आणि फिरण्याची दिशा भरवशाची राहत नाही. तिथे आडव्या आणि उभ्या वाऱ्याचा गुणाकार काढावा, पार्श्वभूमीचा वारा वजा करून तरंगाचा खरा आवर्तनकाळ काढावा, आणि मगच ऊर्जेचा बाण वर काढायचा की खाली ते ठरवावं.